मुकी बिअर

"या घरात कुणीतरी भांडलंय! उगाच नाही बिअर अशी मुकी बसत!"

घरच्या कर्त्या बाई मामचुनूंनी बोट कुणाकडेच रोखलं नव्हतं. तरी ते आपल्याच नाकाला टेकलंय, असं त्यांच्या मुलाला, मांडलाखेला, वाटलं.

पिंपातली ज्वारीची बिअर कालच बुडबुडायला हवी होती. शनिवारी मांडलाखेच्या बाळाला पूर्वजांच्या पायाशी घालायचं होतं आणि त्यांच्यापुढे ठेवायचा पहिला घोट थांदाझिलेच्या हातचा. नव्या सुनेची या घरातली ही पहिलीच बिअर. बिअर उठली नाही, म्हणजे फसफसलीच नाही, तर पूर्वजांनी सून नाकारली म्हणून अख्ख्या टेकडीवर बोभाटा!

मग कबुल्या सुरू झाल्या.

"मी कुणाशी भांडले नाही," आत्या म्हणाली. "धाकट्या भावजयीशी फक्त बोलत नाही."

"कधीपासून?"

"ती लग्न होऊन आली तेव्हापासून."

दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. पिंप ढिम्म.

मांडलाखेनं पिंपावर पेटती काडी धरली. बिअर उठली असली, की वरच्या हवेत काडी आपोआप विझते.

"विझतेय! उठली बिअर!"

"तुम्ही ओरडलात म्हणून विझली," थांदाझिले म्हणाली.

मांडलाखे सोडून सगळे बाहेर गेल्यावर तिनं पिंपाला कान लावला, वास घेतला, आतल्या कडेवरून बोट फिरवलं.

"अहो, हे पिंप कुणी घासलं?"

"मी!" (केवढा तो अभिमान!) "आधी वाळूनं, मग ब्लीचनं, मग भरपूर पाण्यानं. तुझी पहिली बिअर, म्हटलं पिंप कसं आरशासारखं हवं."

"आणि तळाचा जुना थर?"

"खरवडून काढला. काय घाण होती गं!"

थांदाझिलेनं डोळे मिटले. "ती घाण नव्हती. तीच तर बिअर उठवते. आईंनी वर्षानुवर्षं जपली होती ती."

"मग आईला सांगून टाकू?"

"शनिवारच्या आत तोंड उघडलंत, तर त्यात उरलेलं ब्लीच ओतीन."

दुसरं कुणी असतं तर कपाळावर हात मारून बसलं असतं. हिनं पदर खोचावा तसं कमरेचं फडकं आवळलं. शेजारणीकडून फसफसत्या बिअरचा तांब्या आणला. माळ्यावरचं जुनं मातीचं मडकं काढलं, पिंपातलं आणि तांब्यातलं सगळं त्यात ओतलं, मोड आलेल्या ज्वारीचं मूठभर पीठ टाकलं. सिमेंटच्या गारठलेल्या जमिनीऐवजी मडकं चुलीजवळ, गवताच्या चुंबळीवर बसवलं. एकही हात वाया नाही, एकही शब्द जास्त नाही. मांडलाखे नुसता बघत राहिला. अशी बायको आपल्याला मिळाली कशी, हे त्याला आजवर कळलेलं नव्हतं.

"आता ऊब हवी. ब्लँकेटं मुक्कामी आलेल्या पाहुण्यांकडे गेली," असं म्हणून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं अंगावरचा लग्नातला कोट उतरवला. तिनं तो मडक्याला घालून बटणं लावली.

शनिवारी सकाळी मडकं खदखदत होतं. काडी धरली, तर कुणी हूं की चूं न करता विझली.

"बघा!" मामचुनू आनंदानं ओरडल्या. "भांडण मिटलं आणि बिअर उठली! माझी सून पूर्वजांना पसंत आहे!"

मांडलाखेनं तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं.

बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागल्या. कुडकुडत तो कोटाची बटणं सोडायला वाकला, तोच हेझेकियाकाका आत आले. त्यांनी मडक्याकडे पाहिलं, मग काटकुळ्या पुतण्याकडे.

"राहू दे रे तो कोट मडक्यालाच," ते म्हणाले. "त्याला खांदे तरी आहेत."