सव्वा रुपया, दर वेळी

चिंचोडच्या तळ्याला स्वतःची किंमत सांगायला मंगळवारी सकाळी अकरा वाजता तालुक्याच्या कचेरीत बोलावलं होतं, आणि ते पावणेअकरालाच हजर झालं. सव्वानऊची एसटी पकडून आलं होतं. बसमध्ये मागच्या बाजूला उभं राहिलं, दोघांचे पाय भिजले म्हणून दोनदा माफी मागितली. कचेरीची लिफ्ट बंद होती, त्यामुळे जिना चढताना प्रत्येक मजल्यावर जरा टेकलं. मासे बरोबरच आणले होते, कारण घरी ठेवायला कोणी नव्हतं.

निसर्गलाभ मूल्यनिर्धारण कक्ष तिसऱ्या मजल्यावर. तिथे हेमलता धुमाळ बावीस वर्षं बसत होत्या. टेकड्या, ओढे, एक तापट स्वभावाचा पिंपळ, सगळ्यांच्या जबान्या त्यांनी घेतल्या होत्या. नियम अगदी सरळ होता. एखाद्या जागेवर काही बांधायचं असेल तर बांधणाऱ्याने पुढच्या साठ वर्षांचा फायदा लिहून द्यायचा, आणि जागेने मागच्या साठ वर्षांत लोकांना काय दिलं त्याची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगायची. ज्याचा आकडा मोठा, तो राहणार. आकडे सारखे आले तर बांधकामाला मंजुरी. रकाना कोरा राहिला तर शून्य धरायचं.

तळ्यावर बांधायचं होतं भास्करराव ढोल्यांना. बारा गाळ्यांचं व्यापारी संकुल. त्यांचा आकडा होता बेचाळीस लाख, सगळा खर्च वजा जाता. माणूस वाईट नव्हता हो. एकच खोड होती, कुणाचं फुकटचं घ्यायचं नाही. शिपाई तुळशीरामने कचेरीचा चहा आणला तर त्यांनी आधी दहाची नोट त्याच्या हातात कोंबली आणि मगच कपाला हात लावला. तळं बसायला आलं तेव्हा स्वतः उठून त्यांनी खुर्ची पुढे केली.

धुमाळबाई चिंचोडच्याच. आठ वर्षांच्या असताना पाठीला सुका भोपळा बांधून त्या याच तळ्यात पोहायला शिकल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी सुनावणीआधी वरिष्ठांना लेखी कळवली होती. 'पोहणे हा हितसंबंध नव्हे', असा शेरा मारून कागद परत आला. पण खरं सांगायचं तर तळं जाऊ नये असं बाईंना मनापासून वाटत होतं. आकडा बेचाळीस लाखांखाली आला की महिन्याभरात मुरूम टाकून तळं बुजवायचं, असा आदेश त्यांच्याच सहीने निघणार होता, आणि तळ्याला जायला दुसरं गाव नव्हतं. रात्रभर त्यांना नीट झोप लागली नव्हती.

सुनावणी सुरू झाली आणि बाईंच्या लक्षात आलं की तळं भलतंच भिडस्त आहे.

गावातल्या दोनशे चौदा विहिरींना पाणी कोण देतं, असं विचारलं तर म्हणालं, ते आपलं झिरपतं, त्यात माझं काय. उन्हाळ्यात गाव थंड राहतं त्याचं काय, तर म्हणालं, ते काम वाऱ्याचं, उगाच दुसऱ्याचं श्रेय कशाला घ्या. पुराचं जादा पाणी पोटात घेता त्याचं? त्यावर तळं चक्क लाजलं. दारात आलेल्याला परत कसं पाठवायचं, एवढंच म्हणालं आणि खिडकीबाहेर बसलेल्या आपल्या खंड्या पक्ष्याकडे बघत राहिलं.

बाईंनी तीनदा समजावून सांगितलं की आकडा हवा. तळं म्हणालं, तुम्हाला वाटेल ते द्या. बाई म्हणाल्या, 'वाटेल ते' हा आकडा नव्हे. तळं म्हणालं, घरच्या लोकांकडून कसले पैसे घ्यायचे? बाईंनी कपाळाला हात लावला. भास्करराव बिचारे तळ्याचीच समजूत घालायला लागले, की अहो, धंद्यात असं चालत नाही, काहीतरी बोला.

फरशीवर पाणी पसरलं होतं, तुळशीरामने ते एकदा पुसून घेतलं.

"सव्वा रुपया लिहा," तळं शेवटी म्हणालं. "तेवढा ठीक दिसेल."

आता बोला! भटजींच्या हातावर ठेवायची दक्षिणा ती, तेवढ्या किमतीत तळं स्वतःला देऊन टाकायला निघालेलं. पण तोंडाने सांगितलेला आकडा लिहिणं भाग होतं. त्यांनी सातव्या रकान्यात 'रु. १.२५' लिहिलं. भास्कररावांनासुद्धा ते बघवलं नाही, त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

आठवा रकाना 'एकक' असा होता. किलो, लिटर, नग, काय असेल ते. या रकान्यात कोणीच कधी फारसं डोकं घालत नसे. टेकड्या 'एक टेकडी' म्हणून मोकळ्या होत. बाईंनी पेन तिथे टेकवलं आणि सवयीने विचारलं,

"सव्वा रुपया, पण कशाचा?"

तळ्याने थोडा विचार केला.

"दर वेळी," ते म्हणालं.

बाईंनी 'दर वेळी' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. मग पान उलटून, आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवून, त्यांनी किती वेळा ते सांगायला सांगितलं. नियमाप्रमाणे ते विचारणं आवश्यकच होतं. भास्करराव खुर्चीत ताठ झाले.

तळ्याची आठवण पक्की होती. कुंभारांनी नेलेली माती, गवळीवाड्यातल्या म्हशी एकेका नावाने, कपिली, बाणी, एका शिंगाची राधी, धुण्याच्या पाट्या, लग्नातले हंडे, उन्हातून आलेल्याने नुसते धुतलेले पाय. मंगळवार गेला, बुधवार गेला. तळं रोज शेवटच्या एसटीने घरी जाई, कारण सकाळी गुरं यायची, आणि सव्वानऊच्या गाडीने परत येई. तुळशीराम दोन बादल्या घेऊनच बसू लागला. मुळात तळं हे सगळं मोठ्या हौसेने सांगत होतं. बेरजेकडे त्याचं लक्षच नव्हतं.

गुरुवारी दुपारी तीन वाजता ते थांबलं आणि म्हणालं, झालं, एवढंच.

बाईंनी बेरीज दोनदा केली. तेहेतीस लाख साठ हजार वेळा. प्रत्येक वेळी सव्वा रुपया. बरोबर बेचाळीस लाख. एक पैसा कमी नाही की जास्त नाही. दोन्ही आकडे सारखे, म्हणजे बांधकामाला मंजुरी.

बाईंना रडू येईलसं वाटलं. काही राहिलं का, असं त्यांनी विचारलं. तळं म्हणालं, नाही. मग जरा वेळाने म्हणालं की पोहायला शिकलेली मुलं तेवढी धरलेली नाहीत, आणि बुडता बुडता वर आलेली. लेकरांकडून काही घ्यायचं नसतं.

निकाल देणाऱ्या बाई स्वतःचं नाव घालू शकत नव्हत्या. त्यांनी मंजुरीचा कागद पुढे ओढला.

भास्कररावांनी मंजुरीच्या कागदाकडे पाहिलं. मग तळ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी चढत गेलं.

"सात वर्षांचा होतो," ते म्हणाले. "शेवाळावरून पाय घसरला. मी त्या दिवशी वर आलो, तो आपोआप आलो नव्हतो ना?"

"जरासं ढकललं होतं," तळं म्हणालं. "जाऊ दे रे भास्कर. पोरगा होतास."

"छप्पन्न वर्षं!" भास्करराव उठून उभे राहिले. "छप्पन्न वर्षं मी फुकटचं वापरतोय आणि मला कोणी सांगितलं नाही. माझं नाव घाला, बाई."

बाईंनी कर्तव्य म्हणून सांगितलं की नाव घातलं तर तळ्याचा आकडा मोठा होईल आणि संकुल नामंजूर होईल. भास्करराव म्हणाले, मला हिशेब कळतो, घाला. बाईंनी घातलं. बेचाळीस लाख, एक रुपया, पंचवीस पैसे. सही करताना त्यांचं पेन इतक्या जोरात चाललं की खालच्या दोन कागदांवरही सही उमटली.

भास्कररावांनी खिशातून दोनचं नाणं काढून टेबलावर ठेवलं. आता पाऊण रुपया परत द्यायचा प्रश्न आला. चार आणे चलनातून केव्हाच गेलेले, आठ आणे कुठे दिसेनासे झालेले, आणि तळ्याकडे सुटे नव्हते. ते ओशाळलं. तळाशी चाचपून त्याने एक शिंगाडा काढला आणि भास्कररावांच्या हातावर ठेवला. भास्कररावांनी तो उलटसुलट करून पाहिला, पाऊण रुपयाला बरोबर आहे म्हणाले, आणि तिथेच सोलून खाल्ला. पावतीवर तशी नोंद झाली.

तळं निघालं. संध्याकाळची गुरं यायच्या आत पोचायचं होतं. दारात ते बाईंजवळ थांबलं.

"हेमे," ते हळूच म्हणालं, "तुझा भोपळा माझ्याकडेच राहिलाय. सुटला आणि तू तशीच पुढे पोहत गेलीस, मागे वळून पाहिलंसुद्धा नाहीस."

रविवारी सकाळच्या एसटीने धुमाळबाई चिंचोडला गेल्या, कपड्यांचा एक जोड जास्तीचा घेऊन. काठावर उतरल्यावर त्यांनी दोनचं नाणं पुढे केलं. तळ्याने ते घेतलं नाही.