पत्रूभाऊ मुंडकी मोजतात

आमच्या शाळेचे शिपाई पत्रूभाऊ माणसं मोजतात. नुसती नजरेने नाही, डोक्यावर हात ठेवून. लग्न असो, मयत असो, शाळेची सहल असो, निघताना हे गृहस्थ प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत पुटपुटत जाणार आणि परतताना पुन्हा तेच. एकदा तर मुख्याध्यापकांच्या टकलावरही हात पडला. साहेब चिडले, तर म्हणाले, "गेले तेवढे वापस आले पाह्यजे." हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझ्या भाचीच्या लग्नाला आम्ही सिरोंच्याला गेलो होतो. लग्न लागलं, जेवणं झाली, बस सुरू झाली आणि पत्रूभाऊ दारात आडवे. येताना बेचाळीस होते, आता एक्केचाळीसच भरत होते. अर्धा तास बस अडवली. शेवटी रडून डोळे सुजलेल्या माझ्या भावाला उठून सांगावं लागलं की भाऊ, नवरी आता इथंच राहणार. तरी यांनी विचारलं, "पक्कं ना?"

तर हा माणूस छप्पन्नाव्या वर्षी सायकल शिकला. त्याचं झालं असं. आमच्या चामोर्शीतल्या एका तरुण डॉक्टरांनी टूम काढली: सगळ्यांनी मिळून सायकलने हेमलकसा गाठायचं, एका दिवसात. माझी शुगर वाढलेली, म्हणून गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत त्यांनी माझं नावही यादीत टाकलं. कॉलेज सुटल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता. पत्रूभाऊंनी तर जन्मात लावला नव्हता. चहा देता देता त्यांनी मला विचारलं, किती जण जाणार, बाई? बारा, मी म्हटलं. सगळ्यांच्या मागं कोण राहणार? मी म्हटलं, जो दमेल तो. त्यांचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं, चहात साखर कमी झाल्याचं आठवलं असेल.

दुसऱ्या दिवशी हे मैदानावर हजर. मुलींना वाटायला आलेल्यांपैकी एक उरली होती, समोर टोपली असलेली गुलाबी सायकल, ती घेऊन. काय ते शिकणं! महिनाभर कुंपणाच्या काटेरी तारा आणि पत्रूभाऊ यांची रोज गाठ. एकदा थेट प्रार्थनेच्या रांगेत घुसले. कोपर फुटलेलं, चप्पल कुठल्या कुठे, आणि पडल्या जागेवरून आधी पोरं मोजली.

मग आमचा सराव सुरू झाला, मार्कंड्याच्या रस्त्याने. ऊन चांगलं वर आल्यावरच निघायचं. पहाटे रस्ता वाघाचा असतो, आमच्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही. पत्रूभाऊ कायम सगळ्यांच्या मागे. जरा थांबलो की आलेच टरबूज पिकलं का पाहावं तसे एकेक हेल्मेट ठोकत. डॉक्टर वैतागायचे. ते आपले भिंतीला टेकवलेल्या सायकली मोजायचे आणि चला म्हणायचे. तेवढ्यावरून दोघांचं रोज वाजायचं. "सायकली नोका मोजू, डॉक्टरसाहेब," पत्रूभाऊ म्हणायचे, "मुंडके मोजा." स्वतःला मात्र ते कधीच मोजत नसत. बारा म्हणायचे आणि पाय मारायचे. मी एकदा विचारलं, तुम्ही तेरावे ना? तर म्हणाले, मी मोजणारा आहो.

शेवटी डॉक्टरांनी फर्मान काढलं. आष्टीच्या पुढे आलापल्लीच्या जंगलातल्या रस्त्यावर शेवटची परीक्षा. वेळेत पोचणार नाही त्याचं नाव कटणार. आणि पत्रूभाऊंनी मध्ये चालवायचं, कोणासाठी थांबायचं नाही. पत्रूभाऊ आदल्या दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले होते, मले जायाचंच आहे, बाई. त्या दिवशी मान खाली घालून असे काही निघाले की मला दिसेनासेच झाले.

मी अर्थात मागे. खनिजाचे ट्रक लाल धूळ तोंडावर फेकत जात होते. त्यात माझी चेन तुटली. मोबाइलला रेंज नाही. एक बोलेरो आली, ती आतून बाहेरून माणसांनी गच्च. मी ड्रायव्हरला म्हटलं, सायकल टपावर घे आणि पुढच्या चहाटपरीवर उतरव, तीन किलोमीटर तर आहे, येते मी पायी. शहाणपण बघा माझं.

टपरीवर काय झालं ते मला नंतर कळलं. ड्रायव्हरने सायकल भिंतीला टेकवली आणि आत चहा पिणाऱ्या कोणाला काही न सांगता तो गेला. डॉक्टर मुतारीकडून आले, त्यांनी सायकली मोजल्या, तेरा भरल्या. शिट्टी मारली. पत्रूभाऊंनी हेल्मेटं ठोकली, अकराच भरली. डॉक्टर म्हणाले, तुमचं चुकलं, सायकली बघा ना. सगळे निघाले. पत्रूभाऊ पहिल्यांदाच वेळेच्या आत होते. त्यांनी गुलाबी सायकल उलटी वळवली.

इकडे ट्रकची ये-जा थांबली आणि रस्ता सामसूम झाला. सागाच्या झाडांत वानरं खेकसायला लागली. वाघ दिसल्याशिवाय वानरं अशी खेकसत नाहीत, हे आमच्याकडच्या लेकरालाही कळतं. मी रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिले. तेवढ्यात घंटी ऐकू आली, न थांबता वाजणारी. पत्रूभाऊ आले, सायकल रस्त्यातच टाकली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बारा," म्हणाले, आणि काठावर बसून लहान मुलासारखे रडले.

टपरीपर्यंत आम्ही पायीच आलो. चालता चालता त्यांनी सांगितलं. मी बारा वर्षं त्यांच्या हातचा चहा पीत आले, पण त्यांची बायको वारली एवढंच मला माहीत होतं.

तेंदूपत्ता तोडायला पंधरा जण जंगलात गेले होते. परतताना मोजायचं काम यांचं. त्यांच्या बायकोची, हिराबाईंची, पाण्याची कॅन झाडाखाली राहिली, ती आणायला त्या मागे वळल्या. त्यांचं गाठोडं त्यांच्या वहिनीने आपल्या गाठोड्यावर घेतलं.

"मी गाठोडे मोजलो, बाई," पत्रूभाऊ म्हणाले. "पंधरा भरले. म्हटलं, चला. वाघानं नेलं तिले. मुंडके मोजलो असतो तं मालूम पडलं असतं ना."

मी नुसती त्यांच्या सायकलचं हँडल धरून चालत राहिले.

त्यांचं नाव कटलं; चेन तुटली म्हणून मला तेवढी सूट मिळाली. मी डॉक्टरांशी कडाकडा भांडले. ते ओशाळले, त्यांना घ्यायलाही तयार झाले, पण पत्रूभाऊच नाही म्हणाले. एवढं लांब त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नव्हतं, हे त्या दिवशी त्यांना कळलं होतं. "तुमी मांगं राहा," मला म्हणाले. "तुमी तशाही मांगंच राहता."

निघायच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी त्यांनी सगळ्यांची हेल्मेटं ठोकली. कोणी हसलं नाही. बारा झाले. मी सायकल स्टँडवर लावली, परत गेले आणि त्यांच्या उघड्या डोक्यावर हात ठेवला. त्या डोक्यावर किती वर्षांत कोणाचा हात पडला नसेल.

"तेरा," मी म्हटलं.

"मी तं इथीच आहो, बाई."

"माहीत आहे. आल्यावर पुन्हा मोजणार आहे."