चालत्या गाड्या थांबवणारे हनीफभाई

आमच्या दिग्रसात एक मेकॅनिक आहेत, ते चांगल्या चालणाऱ्या गाड्या हात दाखवून थांबवतात.

बंद पडलेल्या नाही हं. बंद पडलेल्या तर त्यांच्या दारात आपोआप येतात, ढकलत ढकलत. हनीफभाई हातातला पाना तसाच ठेवून रस्त्यावर येतात आणि ज्या गाडीच्या इंजिनाचा आवाज एकसारखा, सुरात येत असेल नेमकी तिलाच आडवे होतात.

"थांबा भाऊ, एक मिनिट. कशी चालून राह्यली?"

"मस्त. काहून, काय झालं?"

"काही नाही झालं. म्हनून तं थांबवलं."

मग चौकशी. घेऊन किती वर्षं झाली, कोणाच्या हाताखाली आहे, कधी त्रास दिला का. गाडीवाला बिचारा चाकात ओढणी अडकली का बघत असतो. एकदा त्यांनी वरातीची गाडी थांबवली. नवरदेव आत घामाघूम, मामा खाली उतरून भांडायला तयार, आणि हे बॉनेटला कान लावून उभे. एकदा तर पोलिसांची जीप. गाड्या आपणच थांबवतो एवढंच माहीत असलेला हवालदार इतका चक्रावला, की त्याने सरळ उत्तर दिलं, "तिसऱ्या गिअरले जराशी कटकट करते."

"मग तुमची नाही पायजे. जा," असं म्हणून हनीफभाई परत आले.

लोक म्हणतात, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला झाला. मी काही बोलत नाही. माझं घर बरोबर गॅरेजच्या समोर, पुसद रोडला. तीस वर्षांचा शेजार आहे. मला माहीत आहे हे कधी सुरू झालं आणि काहून सुरू झालं. त्यात थोडा माझाही हात आहे, म्हणून लिहायला बसले.

माझी शाळा दुसरीत सुटली. पुढचं सगळं मी हनीफभाईंच्या गॅरेजात शिकले असं म्हटलं तरी चालेल. हात पुसायला त्यांच्याकडे रद्दी पेपरचा गठ्ठा असायचा. मी म्हणायची, "हनीफभाई, पुसायच्या आधी मला द्या, वाचून झालं की घ्या." त्यांची नसरीन तेव्हा सात-आठ वर्षांची. तिची आई ती पाळण्यात असतानाच गेली, त्यामुळे पोरगी अर्धी गॅरेजात आणि अर्धी माझ्या ओट्यावर वाढली. आम्ही दोघी मिळून वाचायचो. मी अक्षर अक्षर लावायची, ती पुढे पळायची.

आता रद्दीच ती. बातमी अर्धीच फाटलेली असायची. मला त्याचं काही वाटायचं नाही. नसरीनला मात्र जेवण जायचं नाही. "काकू, मंग पुढं काय झालं?" एकदा टाकीच्या पाण्याची बातमी अशीच मधूनच तुटली. पोरगी शाळेतून परस्पर नगरपरिषदेत गेली, चार टेबलं फिरली, पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठलं आणि संध्याकाळी येऊन मला उरलेली बातमी सांगितली. वर म्हणाली, "पेपरवाल्यानं एक गोष्ट चुकीची लिहेल होती काकू." दहा वर्षांची होती.

तर अशी ती पोरगी बारावी झाल्यावर विद्यापीठाचा फॉर्म घेऊन आली. नागपूरला, तीन वर्षांची पत्रकारितेची पदवी.

हनीफभाईंनी फॉर्म उलटा करून पाहिला, मागून काही दिसतं का. तुम्हाला सांगते, या माणसाने आयुष्यात एक वस्तू आंधळेपणाने घेतली नाही. "आधी चालवून दाखवा," हा त्यांचा मंत्र. मिक्सर घ्यायला गेले तेव्हा घरून भिजवलेली डाळ डब्यात नेली आणि दुकानात वाटून घेतली. फी, होस्टेल, मेस सगळ्याचा हिशेब करून ते म्हणाले, "तेवढ्यात एक जुनी पिकअप येते, ताई. पिकअप आपण कशी घेतो? ज्याच्याकडं आहे त्याले विचारून घेतो. मंग हेही विचारून घेऊ."

आणि खरंच निघाले. पंधरा दिवस गॅरेज अर्धवेळ बंद. ही पदवी घेतलेला माणूस कुठे आहे, एवढंच ते गिऱ्हाइकांना विचारत सुटले. पहिला इथेच सापडला, बसस्टँडजवळ मोबाइलची कव्हरं विकणारा. दुसरा बाभुळगावचा, पेपरात बातम्या द्यायचा; पण पगार म्हणून काही नाही, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती आणायच्या आणि त्यातलं कमिशन घ्यायचं. तिसरे यवतमाळात एका कार्यालयात कारकून. त्यांची पदवी भिंतीवर होती, कॅलेंडरच्या मागे. चौथी एक बाई, पुण्याला चॅनलमध्ये वर्षभर राबून माहेरी परत आलेली.

चौघांनाही हनीफभाईंनी जुन्या गाडीचे ठरलेले प्रश्न विचारले. किती चालली? खर्च किती खाते? कितीदा उघडावी लागली? आज विकतो म्हटलं तर काय येईल? कारकून म्हणे रागावले. कव्हरवाल्या पोराने मात्र चहा पाजला. म्हणाला, "चाचा, चार वर्षांत पहिल्यांदा कोणी मले माह्या शिक्षणाचं विचारलं."

मग एक दिवस गॅरेजात निकाल लागला. मी स्टुलावर, नसरीन टायरवर, हनीफभाई उभे.

"चार पाह्यल्या. चारही बंद," ते म्हणाले. "बेटा, मी पैशाले नाही पाहून राह्यलो. पण जे चालत नाही ते मी तुले कसं घेऊन देऊ?"

नसरीनने शांतपणे विचारलं, "अब्बा, हे चौघंही इथंच राहतात ना?"

"मंग? इथं आहेत तेच भेटतीन."

"जे चालले ते इथं कायले राहतीन?"

"मंग मी काय चंद्रावर जाऊन विचारू?" हनीफभाई चिडले, आणि माझ्याकडे वळले. "ताई, तुमी सांगा."

आता ऐका. पोरीचं म्हणणं माझ्या लक्षात आलं होतं. तिला जे सुचलं ते बरोबर होतं, हेही कळलं होतं. पण माझ्या मनात आलं, ही नागपूरला गेली तर संध्याकाळी ओट्यावर माझ्यासोबत पेपर कोण वाचणार? एवढंच. इतकी लहान गोष्ट. मी म्हटलं, "हनीफभाई, तुम्ही एवढं फिरून आलात, तुम्ही म्हणता ते बरोबरच असेल."

नसरीनने माझ्याकडे एकदा पाहिलं. फॉर्मची घडी घातली. रडली नाही, भांडली नाही. इथल्याच कॉलेजात कॉमर्स केलं, कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि आता गावातल्याच एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. नोकरी चांगली आहे. साहेब नाव काढतात. संध्याकाळी ओट्यावरही येते, पेपर वाचून दाखवते. बातमी संपली की घडी घालून ठेवते. पुढे काय झालं, असं विचारत नाही.

त्या निकालानंतर पाच वर्षं अशीच गेली. मग दोन वर्षांमागे, कापसाच्या हंगामात, एक गाडी गॅरेजसमोर थांबली. बिघाड काही नाही, नुसती हवा भरायला. आतून एक पोरगी उतरली, गळ्यात कॅमेरा. जिनिंगवर बातमी करायला आली होती. हनीफभाईंनी सहज विचारलं, काय शिकली. तिने सांगितलं. तेच विद्यापीठ, तीच पदवी. आणि पोरगी कुठली, तर आपल्याच जिल्ह्यातली, उमरखेडकडची.

"चालते का ते?" हनीफभाईंचा आवाज मला रस्त्याच्या इकडे ऐकू आला.

ती हसली. "पहिली दोन वर्षं नुसतं खोलीभाडं निघायचं, काका. घरचे रडले. सोबतचे किती तरी सोडून गेले. आता बरं आहे. फार नाही, बरं. पण सकाळी उठून कामाला जावंसं वाटतं."

गाडी गेली. हनीफभाई हवेची नळी हातात धरून तसेच उभे. नळीतून हवा सूं करून जात होती, त्यांना पत्ता नाही. मी रस्ता ओलांडून गेले.

"ताई," ते म्हणाले, "जिंदगीभर मी गॅरेजात बसलो. इथं बंद पडेल गाडीच येते. चालणारी गाडी मेकॅनिककडं कोण आणते? बच्चीले ते समजलं होतं. मले नाही समजलं."

मला समजलं होतं, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते रस्त्यावर उभे राहायला लागले.

परवाची गोष्ट. सकाळी नसरीन स्कूटी काढून पतसंस्थेत निघाली. हनीफभाईंनी रोजच्यासारखा तिलाही हात दाखवला. "कशी चालून राह्यली?"

"चांगली आहे, अब्बा." रोजचं उत्तर. पण परवा ती लगेच निघाली नाही. हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाली, "अब्बा, तुमी चालत्या गाड्या काहून थांबवता?"

सात वर्षांत तिने विचारलेला हा पहिला प्रश्न. हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ओट्यावर पेपर धरून बसलेली. मी पेपरात पाहिलं. मग ते खाली वाकले आणि स्कूटीचा एक नट आवळू लागले. कालच आवळलेला नट होता तो, तसूभर हलला नाही. तरी ते आवळत राहिले.

नसरीन उत्तरासाठी थांबली. मग घड्याळ पाहून निघाली.

हनीफभाई पाना हातात घेऊन वळणापर्यंत आवाज ऐकत राहिले.

नसरीन, पेपरचं कुठलंही पान तुझ्या हातून सुटत नाही, म्हणून हे पेपरलाच पाठवते आहे; हेही सुटणार नाही. तुझ्या अब्बांना जे सांगता आलं नाही ते वर लिहिलं आहे. आणि मी जे तेव्हा बोलले नाही, तेही.