नाव घातलेलं भिंग

सांबशिवरावांच्या घरातल्या ताकाच्या पळीवरसुद्धा त्यांचं नाव कोरलेलं होतं. तंजावरात भांड्यावर नाव घालायची रीतच आहे, लग्नाकार्यात अदलाबदल होऊ नये म्हणून. पण सांबशिवराव सरकारी हिशेब तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. जग आपली भांडी बदलायलाच टपलंय, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

अशा घरात एकच पितळी वस्तू बिननावाची होती. आजोबांच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्याची लेन्स. कॅमेरा केव्हाच वाळवीने खाल्ला, पण नारळाएवढी ती लेन्स कपाटात चांदीच्या ताम्हनाशेजारी मानाने बसलेली. आजोबा-आजींच्या षष्ट्यब्दपूर्तीचा फोटो तिनेच काढलेला आणि आई-वडिलांचाही. दोन्ही हॉलमध्ये टांगलेले. आता साठी सांबशिवरावांची होती आणि तिसरा फोटो त्याच लेन्सने निघायला हवा होता. घराण्याची वस्तू आपल्या हातून गेली असं व्हायला नको, एवढीच त्यांना धास्ती होती.

पंचाईत अशी, की लेन्सवर कारखान्याचंही नाव नव्हतं. ती कसली आणि वापरायची कशी, हे सांगू शकणारा माणूस एकच, तिरुवैयारुचे सूर्यनारायणराव. असले जुने कॅमेरे ते अजून चालवत.

ते आले आणि आल्याआल्या म्हणाले, "खिडक्या लावा. एक दिवा द्या."

"कसाला?" सांबशिवरावांनी लगेच विचारलं.

"भिंगाला दाखवाया."

त्यांच्या पत्नी भामाबाईंनी समई आणून ठेवली. सूर्यनारायणराव लेन्स तिच्यापुढे तिरकी धरून आत डोकावू लागले. "पुढल्या भिंगांत ज्योती दोन ठळक, एक फिकी. मागल्यांत चार, चारी अस्क्या ठळक! सांबशिवराव, हें माणसांचे चेहरे काढायचं भिंग. अव्वल!"

"ज्योती मोजून कळतें?"

"कळतें. एकेका कांचेला चिकटून दुसरी असली तर मधली ज्योत फिकी दिसते."

मग त्यांनी एक खिडकी उघडली, सांबशिवरावांना समोर उभं केलं आणि लेन्स पुढेमागे केली. सांबशिवरावांनी नेसलेल्या पांढऱ्या वेष्टीवर खिडकीबाहेरच्या मोठ्या देवळाचं शिखर उमटलं, खाली डोकं वर पाय.

"देऊळ उलटें केलांत!" सांबशिवराव दचकून मागे सरले.

"हालूं नका, अंतर मोजतोंय. सरी, झालं. आतां हें दोन दिवस घरीं नेतों. माझ्या कॅमेऱ्याला बसवाया लाकडाची फळी कापायला पाहिजे."

हे ऐकून सांबशिवरावांनी लेन्स पटकन स्वतःच्या हातात घेतली. अव्वल म्हणतो आणि घरी नेतो म्हणतो! बिननावाची वस्तू, एकदा बदलली की पुरावा काय? "उद्या न्या," ते म्हणाले.

त्याच दुपारी लेन्स पिशवीत घालून त्यांनी भांड्यांचं दुकान गाठलं. समारंभाच्या पाहुण्यांना वाटायचे पितळी करंडे तिथे नाव घालायला दिलेलेच होते. कारागिराने लेन्सकडे पाहून विचारलं, हेही त्या करंड्यांतलंच का? आता ही मौल्यवान वस्तू आहे असं परक्याला सांगायला सांबशिवराव काही दुधखुळे नव्हते. "हो, त्यांतलंच. आंतल्या कडेला घाल, बाहेरून दिसायला नको." यंत्र घरघरलं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी आतून अंगठा फिरवला. अक्षरं बोटाला लागली. त्या रात्री त्यांना छान झोप लागली आणि सकाळी त्यांनी लेन्स बिनघोर सूर्यनारायणरावांच्या हवाली केली.

समारंभाच्या दिवशी साठीच्या रीतीप्रमाणे नव्याने मंगळसूत्र बांधून झालं आणि जोडपं फोटोला बसलं. सूर्यनारायणराव काळ्या कापडाखाली शिरले. ते बाहेर येईनात, तसे सांबशिवराव मान ताणून लेन्सकडे रोखून पाहू लागले.

"आत काय करतोय तो?"

"फोटो काढतांत," भामाबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "आज तरी मनुष्यासारखें बसा."

फोटो झाला. सूर्यनारायणरावांनी लेन्स काढून पुसली आणि परत द्यायला पुढे केली. सांबशिवराव याच क्षणाची वाट पाहत होते. "थांबा!" ते भर मंडपात कडाडले. "आधी अस्क्यांसमोर खात्री होऊं दे. अप्पाजी, तुमचा चष्मा आहे, आंत काय कोरलंय तें वाचा. मोठ्यानें!"

अप्पाजी म्हणजे भामाबाईंचे थोरले भाऊ. त्यांनी लेन्स उजेडाकडे धरली आणि ते तमिळ अक्षरं लावून मराठीत सांगू लागले. "सांबशिव-भामा यांच्या षष्ट्यब्दपूर्तीनिमित्त... प्रेमाची भेट."

करंड्यांवरचाच मजकूर होता तो, शब्दन् शब्द. सांबशिवरावांनी तोंड उघडलं, पण सूर्यनारायणराव आधीच रडू लागले होते.

"इतकीं वर्षें फोटो काढतों," ते खांद्यावरच्या तुंडूने डोळे पुसत म्हणाले. "लोक जेवून जा म्हणतांत, बस. भिंग कोणी दिलं नाही हो! तेंही न सांगतां, आंतल्या कडेला नाव घालून!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी "केवढें मन!" म्हणालं. भामाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, त्यांना सगळं समजलं, आणि त्यांनी विडा-नारळ लेन्सवर ठेवून ती सूर्यनारायणरावांच्या ओंजळीत दिली. समईसमोर दिलेलं परत मागता येत नाही. सांबशिवरावांचा चेहरा पडला तो पडलाच.

पंधरवड्याने तिसरा फोटो भिंतीवर लागला. त्यात भामाबाई शांत बसल्या आहेत आणि सांबशिवराव मान पुढे काढून लेन्सकडे एकटक पाहताहेत. येणारा प्रत्येकजण म्हणतो, "बघा, देण्याआधी किती मायेनें पाहतांत!"

"अय्यो, आजोबांची वस्तू होती," सांबशिवराव रोज उसासा टाकतात.

"काळजी कसाला करतां?" भामाबाई म्हणतात. "नाव आहे कीं तिच्यावर. कोठेंही असली तरी तुमचीच."