पालिश ओलं हाय

दिग्रसला आमच्या शेजारी कवडूभाऊ राहतात. त्यांच्या घरातल्या लाकडी जिन्याचं पॉलिश तीन वर्षं झाली, अजून वाळलेलं नाही.

कापसाच्या जिनिंग मिलमधली फिटरची नोकरी संपली आणि हा माणूस हात धुऊन जिन्याच्या मागे लागला. झिजून खोलगट झालेल्या अकरा सागवानी पायऱ्या. रोज सकाळी एक पायरी पॉलिश पेपरनं घासायची, फुंकर मारायची, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेला लाखेचा चपडा कापसाच्या बोळ्यानं लावायचा. अकरावी झाली की पुन्हा पहिली! खाली दोरी आडवी बांधलेली, दोरीला पुठ्ठा: 'पालिश ओलं हाय'. मी चिडवलं की उत्तर ठरलेलं, "घाई लाकडाले चालत नाही, मास्तर."

त्यांचा पुण्याचा जावई आला, खालीच झोपला. वर हवेशीर खोली रिकामी, आणि नवरा-बायको बैठकीत खाटा टाकून. विमलवहिनी खाटेवरूनच कपाळावर हात मारायच्या, "ह्यायचं पालिश अन् मायं नशीब!"

गेल्या महिन्यात माझ्या पोरीचं लग्न निघालं. पाहुण्यांसाठी मी वरची खोली मागितली.

"देल्ली असती हो. पन ओलं हाय ना!"

असा संताप आला म्हणता! आमच्याकडे चौकट बसवायला सुतार आला होता, त्याला विचारलं. तो खो-खो हसत सुटला. "मास्तर, चपडा तं चहा पिऊन होईस्तोवर वाळते!"

झालं. तडक गेलो. वहिनींचा डोळा लागला होता. दोरी ओलांडली, पायऱ्यांवर तळवा फिरवला. अकराच्या अकरा ठणठणीत कोरड्या! मागे वळून पाहतो तर कवडूभाऊ. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हाताला धरून मला बाहेर ओट्यावर आणलं.

"तिचे गुडघे गेले, मास्तर. वरची खोली तिची, तिच्या हौसेची. एक दिवस तिसऱ्या पायरीवरच बसली अन् लहान लेकरासारखी रडाले लागली. आता कोनीच वर जात नाही. मंग आपल्यालेच जाता येत नाही, असं तिले कायले वाटन?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. स्वतःचीच लाज वाटली. पाहुण्यांची सोय मी शाळेत केली.

पत्रिका द्यायला गेलो तेव्हा वहिनी एकट्याच होत्या. हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी वर गेलते ना तुमी? वाळलं काय?"

"कुठचं वहिनी, ओलंच आहे अजून."

वहिनी हसल्या. "सुताराची पोरगी मी, मास्तर. चपडा किती वेळात वाळते, मले नाही ठाव? पन त्यायले सांगू नोका."

तेवढ्यात भाऊ चपड्याची पुडी घेऊन दारात आले. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "आज कोनती पायरी हो?"