एक नंबर सस्पेन्शन

"तुमची गाडी उधळते, आणि माझा केक काही घोडेस्वार नाही," आईने सांगून टाकलं. बाबांचा चेहरा मात्र बक्षीस मिळाल्यासारखा उजळला.

बाबांची एसयूव्ही म्हणजे एक दांडगं धूड. सुट्टीच्या दिवशी ते तिला चिखलात नेऊन लोळवायचे. एरवी त्याच गाडीतून आई केक पोचवायची आणि प्रत्येक खड्ड्यागणिक बाबांचा उद्धार करायची. आता तर एका मोठ्या हॉलने लग्नाचा तीन मजली केक मागवला होता. तो आवडला, की हॉलच्या सगळ्या ऑर्डरी आईला.

"सस्पेन्शनच बदलू," बाबा म्हणाले आणि अभ्यासाला बसले. शाळेत असताना असे बसले असते, तर आजीने पेढे नाही, दुकानच वाटलं असतं. नाश्त्याला व्हिडिओ, जेवताना व्हिडिओ. एकदा त्यांनी चमचे उभे करून शॉकॲब्सॉर्बर समजावला, तो लेकीच्या, म्हणजे ठकीच्या आमटीत पडला.

"हे बघ, ॲडजस्टेबल घ्यायचं. प्रत्येक चाकाजवळ एक नॉब. एकवर एकदम मऊ, आठवर एकदम कडक. तुला चार ठीक."

"माझा केक हलणार नाही ना, एवढं सांगा."

"अगं, त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं."

"चिखलासाठी चाललंय," ठकी पुटपुटली.

केक न्यायच्या दिवशीच सकाळी गाडी तयार झाली. गॅरेजवाल्या काकांचा फोन आला तेव्हा बाबा मीटिंगमध्ये होते.

"साहेब, सेटिंग कसं ठेवू?"

बाबा टेबलाखाली वाकून कुजबुजले, "एक नंबर ठेवा."

काकांनी ठेवलं. चारही चाकांना, एक नंबर.

गाडी गल्लीतून बाहेर पडली तशी डुलायला लागली. गतिरोधक ओलांडल्यावरही ती कितीतरी वेळ मान हलवत राहिली, जणू तिला सगळं पटलं होतं. मागच्या सीटवर ठकी केकच्या खोक्याला मिठी मारून बसली होती.

"आई, वरचा मजला सरकतोय."

"धर त्याला."

"धरलाय. आता मधला सरकतोय."

आईने गाडी कडेला घेतली आणि बाबांना फोन लावला. "ही गाडी आहे की पाळणा?"

"मऊ हवं होतं ना तुला? थांब, विचारतो." त्यांनी काकांना विचारलं, "काका, सेटिंग कसंय?"

"एक नंबर, साहेब."

बाबांनी आईला निरोप दिला. "काका म्हणतात, एक नंबर आहे. तू उगाच घाबरतेस."

आईने स्पीकरवरचा फोन खटकन बंद केला. तेवढ्यात ठकीच्या डोक्यात उजेड पडला.

"आई, अगं, त्यांनी खरंच एक नंबरवर ठेवलंय!"

आई उतरली आणि नेसत्या रेशमी साडीनिशी गाडीखाली वाकून घाईघाईत नॉब थेट शेवटपर्यंत फिरवायला लागली. डावीकडचे दोन झाले, तोच मागून हॉर्न सुरू झाले. नाइलाजाने ती तशीच निघाली. आता गाडी डावीकडून आदळत होती आणि उजवीकडून डुलत होती.

हॉलवर पोचेपर्यंत केकचे मजले एकमेकांवर रुसल्यासारखे तीन दिशांना तोंडं करून बसले होते. आईने मजले सरळ केले, चिरा क्रीमने बुजवल्या, अगदीच खचलेली बाजू भिंतीकडे केली आणि देवाचं नाव घेतलं.

संध्याकाळी हॉलवाल्यांचा फोन आला. "ताई, केक एक नंबर! यापुढे सगळे केक तुमच्याकडूनच."

"आभारी आहे," आई म्हणाली. मग बाबांकडे वळली. "हा शब्द यापुढे या घरात काढायचा नाही."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच गॅरेजमध्ये गेली, साक्षीला ठकीला घेऊन.

"बोला ताई, कसं ठेवू?"

आता घोळ होणं शक्यच नव्हतं. आईने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "चार ठेवा. फक्त चार."

काकांनी तिच्याकडे काळजीने पाहिलं.

"चारही ठेवणारच की ताई. एखादं चाक काढलं, तर गाडी चालेल कशी?"