साजूक तुपातली काडतुसं

आमच्या शेजारचे वानखेडे काका बंदुकीच्या गोळ्यांना साजूक तूप लावतात. ऐकणाऱ्याचं तोंड उघडं राहिलं, की वर शांतपणे सांगतात, "अर्धं तूप, अर्धं मेण. निव्वळ तूप वितळून जातं न."

काका मूळचे अकोल्याचे. इथं अमेरिकेत, पिस्कॅटवे गावाजवळच्या रंगाच्या एका कंपनीत ते तीस वर्षं केमिस्ट होते. रिटायर झाल्यावर लोक टोमॅटो लावतात; काका काऊबॉय झाले. महिन्यातून एकदा हॅट आणि कातडी जाकीट चढवून ते पेनसिल्व्हेनियातल्या एका क्लबात जातात. तिथं घड्याळ लावून, जुन्या पद्धतीच्या बंदुकांनी नेम धरून लोखंडी पत्रे वाजवायचे असतात. प्रत्येकानं एक टोपणनाव घ्यायचं, असा तिथला नियम आहे. काका एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचं टोपणनाव 'अकोला किड' आहे.

बाकीची मंडळी फारसा धूर न करणारी काडतुसं वापरतात. काका गॅरेजमध्ये बसून आपली आपण भरतात, आणि तीही जुन्या काळ्या दारूसारखा धूर काढणारी नवी पावडर घालून. एक बार काढला की काका ढगात दिसेनासे होतात. धूर विरेपर्यंत थांबायचं, मग पुढचा बार. त्यामुळे त्यांचा नंबर कायम शेवटून पहिला. माझा नवरा निखिल एकदा म्हणाला, "काका, असं जिंकणार कसं?"

"जिंकण्यासाठी तीस वर्षं नोकरी केली न," काका म्हणाले. "आता धूर पाहतो."

तुपाची भानगड काकूंमुळे झाली. गोळी शिशाची असते, तिला काही स्निग्ध लावलं नाही तर नळीत काजळी घट्ट बसते. पुस्तकात त्यासाठी मेंढीची चरबी सांगितली होती. सुमनकाकू अकोल्याला शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांनी बजावलं, "सत्तावन साली काडतुसांच्या चरबीवरून काय झालं, ते मी पंधरा वर्षं पोरांना शिकवलं. माझ्या घरात चरबी येणार नाही." मग काकांनी गुपचूप काकूंच्या तुपाच्या बरणीला हात घातला. हे सगळं मला काकांनीच सांगितलेलं. काकूंना मी पाहिलेलं नाही. आम्ही इथं राहायला आलो त्याच्या वर्षभर आधी त्या गेल्या.

काकांच्या त्या पावडरीचा एक नियम आहे. काडतुसात गोळीच्या खाली रिकामी जागा उरता कामा नये. हवा राहिली की धोका. पण "आत हवा नको" हे तत्त्व काका गॅरेजपुरतं ठेवत नाहीत. आम्ही भारतात निघालो तेव्हा त्यांनी आमच्या बंद केलेल्या बॅगा उघडायला लावल्या आणि प्रत्येक बुटात चार-चार मोजे कोंबले. शिवाय ती पावडर वजनावर नाही, मापानं भरतात, म्हणून काकांचा स्वयंपाकही मापानं. वरणात हळद घालतानासुद्धा ते माप काठाशी सपाट करून घेतात.

एवढं असून जेवताना मात्र ते भातावर तूप घेत नसत. "ते गोळ्यांसाठी," म्हणायचे. मला वाटायचं, कोलेस्टेरॉल असेल.

मागच्या फेब्रुवारीत मला मुलगी झाली. आईचा व्हिसा नाकारला गेला होता आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे कुणीच येऊ शकलं नाही. निखिलची सुट्टी आठवड्यात संपली. बाहेर बर्फ, घरात मी आणि ते एवढंसं बाळ. कुणीतरी आयतं काहीतरी हातात आणून द्यावं, एवढंच मला वाटायचं, आणि तेवढ्यावरून रडू यायचं.

एका सकाळी बेल वाजली. दारात काका, हॅटवर बर्फ आणि हातात डबा. डब्यात डिंकाचे लाडू होते, सगळे मोजून मापून एकाच आकाराचे.

"नवं माप आणलं, पावडरीला न शिवलेलं," काका म्हणाले. "आणि दाबून वळलेत. आत हवा नाही."

मी लाडू तोंडात घातला. तूप विकतचं नव्हतं. आमच्या घरी लोणी कढवताना यायचा तोच वास, आणि मी दारातच रडायला लागले.

"काऊन रडतेस पोरी?" काका घाबरले. "डिंक कच्चा राहिला काय?"

दुसऱ्या दिवशी ते एक बरणी घेऊन आले. "लाडवांतून उरलं. भातावर घेत जा." बरणी फ्रीजरमधली, गारठलेली. तिच्यावर लेबल होतं, बाईच्या ठसठशीत अक्षरात: 'खाण्याचं. गोळ्यांना लावायचं नाही. सुमन.'

ती काकूंच्या हातची शेवटची बरणी होती. तीन वर्षं काका गोळ्यांसाठी दुकानातून तूप आणत होते आणि स्वतः कोरडा भात खात होते.

"काका, हे काकूंचं..."

"बाळंतिणीला लागतं," एवढं बोलून ते बर्फातून निघून गेले.

मी ते तूप जपून ठेवलं नाही. रोज भातावर घेऊन खाल्लं, अगदी बरणी पुसून. त्यांनी खायलाच दिलं होतं. माझ्या अंगात त्या महिन्यात जी काही ताकद आली ती कधी न भेटलेल्या एका बाईमुळे आली, असं मी मानते.

आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. एप्रिलमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा लोणी कढवलं, लेबल न भिजवता ती बरणी भरली आणि मुलीला छातीशी धरून काकांकडे गेले. ते काडतुसांच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या साबणाच्या पाण्यात धूत होते.

"काका, हे माझं तूप. थोडं करपलंय. गोळ्यांना चालेल तुमच्या."

काकांनी हात पुसले, चष्मा लावला आणि लेबल सावकाश वाचलं. मग बरणी माझ्यासमोर धरून त्यावर बोट ठेवलं.

"ती नाही म्हणते न," ते म्हणाले.

मग त्यांनी कुकर लावला आणि दोन पानं घेतली. भातावर तूप वाढलं, आधी मला आणि मग स्वतःला, माप न घेता.